जर्मनी-तिकीट: वापरलं तीन महिने, पैसे गेले चार महिन्यांचे

1 ऑगस्टला सकाळी मिरजेत चहा पीत बसलो होतो आणि मोबाइल टणकन वाजला. अ‍ॅप उघडलं तर तिकीट हजर! माझं नाव, जन्मतारीख, तो काळापांढरा चौकोन आणि खाली ऑगस्ट 2025. बर्लिनहून घरी येऊन तिसरा दिवस होता. तिकडं लेकीच्या खात्यातून माझे 58 आणि हिचे 58, असे 116 युरो गेले होते. शंभराच्या आसपास गुणा. साडेअकरा हजार रुपये, आणि बदल्यात एक फेरीसुद्धा नाही. त्याच दिवशी हे लिहायला बसलो होतो, पण राग उतरल्याशिवाय लिहू नका असं हिनं बजावलं. आता जानेवारी उजाडला. राग उतरलेला नाही, थोडा निवळलाय एवढंच.

तिकिटाची माहिती थोडक्यात. एका महिन्याचं तिकीट, जर्मनीभर चालतं. लोकल, ट्राम, बस, रिजनल गाड्या चालतात. आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चढायचं नाही. 2023 च्या मे महिन्यात 49 युरोला निघालं, आमच्या वेळी 58 होतं, 2026 च्या जानेवारीत 63 झालं. आम्ही 30 एप्रिलला उतरलो, 28 जुलैला निघालो. व्हिसाचे नव्वद दिवस शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेतले. राहणं-जेवण लेकीकडं, त्यामुळं हॉटेलांचं मला विचारू नका. जावयाला एका पैचा जादा खर्च पडू द्यायचा नाही, हे विमानात बसतानाच ठरलं होतं.

मी एसटीत वाहक होतो. आधी पंच, नंतर मशीन. त्यामुळं पहिल्या दिवसापासून मला या तिकिटाचं जे खटकलं ते कदाचित तुम्हाला खटकणार नाही. ते कुणी फाडत नाही, त्याला कुणी भोक पाडत नाही, गाडीत चढताना कुणी बघतही नाही. स्टेशनवर फाटक नाही. माणूस रस्त्यावरून जिना उतरतो आणि थेट डब्यात. मग पैसे कशाचे दिले हे कळायचं कसं? म्हणून मी वेबिल, म्हणजे वाहकाचं हिशोबाचं पत्रक, सुरू केलं. लेकीची एक जुनी वही घेतली, रेघा मारल्या: तारीख, कुठून, कुठं, गाडीचा नंबर, रक्कम. बर्लिनच्या आतलं सुटं तिकीट तेव्हा 3.80 होतं. 58 भागिले 3.80, म्हणजे सोळाव्या फेरीला पैसे वसूल. मे महिना संपला तेव्हा वहीत माझ्या 131 फेऱ्या होत्या. मी छाती फुगवून वही लेकीपुढं ठेवली.

तिनं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रत्येक गाडीला 3.80 लावलेत. सुटं तिकीट दोन तास चालतं. एका दिशेला जाताना तीन गाड्या बदलल्या तरी एकच तिकीट."

रात्री बसून सगळं वेबिल पुन्हा मांडलं. 131 च्या 74 झाल्या. हिच्या 38. तरी फायदा होताच, पण पहिल्या आठवड्यात मिरजेच्या ग्रुपवर मी जे आकडे टाकले होते ते चुकीचे होते, हे इथं कबूल करतो.

या शहरात फुकट काय आहे त्याची यादी कुठंही मिळेल. संसदेच्या काचेच्या घुमटात आधी नाव नोंदवून पासपोर्ट दाखवला की पैसे लागत नाहीत. बर्लिनच्या भिंतीच्या उरलेल्या तुकड्यांना तिकीट नाही, बेर्नाउअर श्ट्रासेवरच्या भिंतीच्या स्मारकालाही नाही. टेम्पेलहोफचा विमानतळ 2008 ला बंद झाला, आता त्या धावपट्टीवर लोक पतंग उडवतात. आम्ही तिथं बसून गूळपोळी खाल्ली. 100 नंबरच्या डबलडेकरला वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर सहलीच्या बसचे पैसे वाचतात. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं सगळेच सांगतात.

मी सांगतो ते एस 41 चं. शहराभोवती लोकलचा गोल मार्ग आहे, साधारण 37 किलोमीटरचा. एस 41 घड्याळाच्या दिशेनं जाते, एस 42 उलटी. बरोबर एका तासात जिथं चढलात तिथं परत. ही म्हणाली, "अहो, ही तर प्रदक्षिणा." मग काय, तिनं नियमच केला: एस 41 मध्येच बसायचं, 42 मध्ये नाही. एकदा दोनच स्टेशनं जायचं होतं आणि समोर 42 उभी होती, तर बाईंनी ती सोडून दिली. मी म्हटलं, "अगं, दोन स्टेशनांसाठी अख्खा गोल फिरायचा का?" तर म्हणे, "तिकीट आहे ना?" पावसाच्या दिवशी कुठं जायचं हा प्रश्न त्या गाडीनं सोडवला. खिडकीशी बसायचं, डब्यातले शेंगदाणे काढायचे. कारखाने, कालवे, लोकांच्या छोट्या छोट्या बागा, मागच्या गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे. शहराची पाठ दिसते. वेबिलात मात्र एकच फेरी लागते.

आणि दुसरी एफ 10. ही बोट आहे. वानझेला लोकलमधून उतरायचं, उतारावरून धक्क्यावर जायचं. तिथं एका बाजूला सहलीच्या बोटींची रांग, पैसे मोजून. दुसऱ्या बाजूला शहर-वाहतुकीची पिवळ्या पाटीची बोट, आणि तिला आपलं हेच तिकीट! वीस मिनिटं तळ्यावरून क्लाडोपर्यंत. पहिल्यांदा मला विश्वास बसेना. मी मोबाइल हातात धरून उभा, म्हणजे कुणीतरी विचारेल, मी दाखवीन. बोटीवरच्या माणसानं लांबूनच मान हलवली. पलीकडं उतरलो, झाडाखालच्या बाकावर थालीपीठ आणि लसणाची चटणी सोडली. शेजारच्या बाकावरच्या आजींनी वासानं वळून बघितलं, हिनं लगेच अर्धं थालीपीठ पुढं केलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून पावासारखं खाल्लं आणि डोळ्यांत पाणी आणलं. चटणी जरा जास्तच झाली होती. तासानं पुढची बोट. वहीप्रमाणे या बोटीवर आम्ही अकरा वेळा गेलो. एक ध्यानात ठेवा, मोरांच्या बेटावर जाणारी छोटी होडी यात येत नाही, तिचे वेगळे पैसे पडतात.

आता तपासणीचं. दीड महिना कुणी हटकलं नाही म्हणून मी लेकीला सांगत होतो की हा देश भोळा आहे. मग जूनमध्ये एका संध्याकाळी यू-बानमध्ये (म्हणजे भुयारी रेल्वेत) दारं लागली आणि शेजारी उभ्या असलेल्या पाठीवर सॅकवाल्या पोरानं खिशातून मशीन काढलं. "फाहरशाइने, बिट्टे." म्हणजे तिकिटं दाखवा. साधे कपडे, चेहऱ्यावर काही नाही, दारं लागेपर्यंत ब्र नाही. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, असं चेकिंग मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. आमची चेकिंगची जीप लांबून धुरळ्यावरून ओळखू यायची.

माझं तिकीट दिसलं. हिचा मोबाइल मेलेला. दिवसभर वानझेच्या हंसांचे फोटो काढले होते. 60 युरोची पावती हातात पडली. त्या पोराशी मी हिंदी, इंग्रजी, मराठी सगळं बोललो, तो शांतपणे ऐकून घेत होता. नंतर कळलं की नावाचं तिकीट असेल तर ते कचेरीत जाऊन दाखवायचं, मग 60 च्या जागी 7 युरो भरून सुटका. ते केलं. 7 युरो तरी का, हा माझा प्रश्न होता आणि आहे. पास घरी विसरलेल्या किती शाळकरी पोरांना मी "उद्या दाखव" म्हणून सोडलंय. पण नियम म्हणून 60 चे 7 होतात हे वाईट नाही, इतपत मी आता आलोय. तुम्ही पॉवर बँक घेऊन फिरा. स्क्रीनशॉट चालत नाही, आणि सोबत पासपोर्टही असू द्या; तिकिटावरचं नाव तुमचंच आहे हे दाखवावं लागतं.

त्याच जूनमध्ये हिचा गुडघा धरला. पंधरा-सोळा दिवस घरात. महिन्याअखेर तिच्या फेऱ्या भरल्या 12. बारा गुणिले 3.80 म्हणजे 45.60. तोटा 12 युरो 40 सेंट. मला ते सहन होईना. मी 28 जूनला रात्री साडेनऊला तिला म्हणालो (तिकडं तेव्हा उजेड असतो), चल, ट्रामनं चार वेळा जाऊन येऊ, हिशोब बरोबर होतो. तिनं गुडघ्यावरची गरम पाण्याची पिशवी बाजूला केली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आपण बर्लिन बघायला आलोय की 58 युरो फेडायला?"

मी एकटाच गेलो. माझे पैसे तर आठवड्यातच वसूल झाले होते आणि माझ्या फेऱ्या हिच्या खात्यात चढत नाहीत, हे ट्राममध्ये बसल्यावर लक्षात आलं. जुलैत वही घरी ठेवायला लागलो. संध्याकाळी आठवून लिहायचो, पण बरोबर न्यायची नाही. जुलैतल्या माझ्या फेऱ्या 41 आहेत, मेपेक्षा कितीतरी कमी, आणि आठवणी विचाराल तर जुलैच्याच जास्त आहेत.

त्यातली एक बर्लिनच्या दालेम भागातली. यू 3 नं जायचं. 1920 च्या दशकाच्या शेवटी इरावती कर्वे इथल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत शिकायला होत्या. कवट्या मोजून त्यांनी दाखवलं की कवटीच्या वेडेवाकडेपणाचा वंशाशी संबंध नाही. तेही गुरूला, ऑयगेन फिशरला, नेमकं उलट हवं असताना. पुढं नाझी काळात त्या संस्थेनं काय केलं, ते दाराशी लावलेल्या पाटीवर आहे. आता तिथं विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा विभाग आहे, पोरं सायकली लावून आत जात होती. ही पायरीशी उभी राहून म्हणाली, "त्या वेळी एकट्या बाईनं इथं यायचं म्हणजे..." आणि वाक्य सोडून दिलं. येताना हासेनहाइडेजवळच्या गणपतीला गेलो, मंगळवार होता.

दुसरी वार्नेम्युंडेची. समुद्र. रिजनल गाडीनं रॉस्टॉक आणि तिथून लोकल, तिकीट हेच. सकाळी लवकर निघायचं, रात्री परत. बाल्टिकचं पाणी जुलैतसुद्धा असं गार की गणपतीपुळ्याची आठवण आली. तिकडची एक युक्ती सांगतो: स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला एक युरो लागतो, रिजनल गाडीतलं फुकट असतं. उतरण्याआधी उरकून घ्या. लेक याला लाजते, पण दोन माणसांचे तीन महिन्यांचे युरो मोजून बघा.

आता मूळ दुखणं. हे तिकीट म्हणजे पास नाही, वर्गणी आहे. तुम्ही थांबवत नाही तोवर दर महिन्याला पैसे कापत राहते. आणि थांबवायचं तर चालू महिन्याच्या 10 तारखेच्या आत. आम्हाला 28 जुलैला निघायचं होतं म्हणून लेकीनं 12 जुलैला बटण दाबलं. उत्तर आलं, तुमचं तिकीट 31 ऑगस्टला संपेल. दोन दिवसांचा उशीर, दंड दोन माणसांचा अख्खा महिना.

ज्या कंपनीच्या अ‍ॅपवरून घेतलं तिला मी मराठीत दोन पानांचं पत्र लिहून दिलं आणि लेकीला म्हटलं, जर्मन कर. तिनं केलेलं जर्मन सात ओळींचं होतं. माझ्या "लाज" या शब्दाला त्यांच्याकडं शब्द नाही म्हणाली. पहिलं उत्तर मशीनचं, पत्राबद्दल आभार. दुसऱ्यात नियमाचा क्रमांक. तिसऱ्यात, दुसरं उत्तर वाचावं. नियम घेतानाच लिहिलेला होता, हे मान्य. लेकीनं तो वाचलाही होता. पण आमच्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास सात दिवसांचा घेतला तर सातव्या दिवशी आपसूक मरतो. त्याला मारायला पुन्हा डेपोत जावं लागत नाही. पास तो पास.

तुम्ही जाणार असाल तर शेवटच्या महिन्याच्या 1 तारखेलाच रद्द करून टाका. ते महिनाअखेरपर्यंत चालतं, मध्येच बंद होत नाही. आणि महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, तुम्ही उतरल्यापासूनचे तीस दिवस नव्हेत.

घ्यावं का? घ्यावं. शिव्या घालत घ्यावं. वेबिलाचा एकूण हिशोब असा: दोघांच्या मिळून 256 फेऱ्या, 3.80 नं 972 युरो 80 सेंट. बाहेरगावच्या गाड्या यात धरलेल्या नाहीत, त्यांचं पान वेगळं आहे. भरले 464, ऑगस्ट धरून.

ऑगस्टचं पानही आखलंय. वही तिथं लेकीकडं विसरली होती म्हणून मिरजेत नवीन घेतली, दहा रुपयांची. तारीख 1 ते 31. कुठून: रिकामं. कुठं: रिकामं. फेऱ्या: 0. खाली माझी सही केली आणि हिला म्हटलं, वाहकाच्या सहीखाली तू पण कर. ती म्हणाली, "आधी डाळीला फोडणी घालते."