रोटेनबुर्ग की न्योर्डलिंगेन: एका दिवसाच्या पायी फेरीसाठी

म्युनिक किंवा श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडे घरून आईवडील आले की एखादे मध्ययुगीन गाव दाखवण्याचा बेत ठरतो आणि बहुतेक वेळा रोटेनबुर्गचे नाव निघते. 'रोमँटिक रोड' या त्याच पर्यटनमार्गावरचे न्योर्डलिंगेन मात्र विचारातच घेतले जात नाही. दोन्ही गावांची तटबंदी शाबूत आहे, दोन्हीकडे तटावरून विनाशुल्क चालता येते, आणि तरीही दोन्हीकडचा दिवस अगदी वेगळा जातो.

आपल्या गडकोटांच्या भाषेत जिला फांजी म्हणतात, तशी तटाच्या आतल्या अंगाने जाणारी, वर कौलारू छप्पर असलेली वाट दोन्ही गावांत आहे. न्योर्डलिंगेनमध्ये ती सुमारे २.७ किलोमीटरचे पूर्ण वर्तुळ घेते. पाच वेशींपैकी कोणत्याही वेशीपाशी वर चढावे आणि गावाला प्रदक्षिणा घालून तिथेच उतरावे. रोटेनबुर्गची वाट सुमारे अडीच किलोमीटरची असली तरी टाउबर नदीच्या खोऱ्याच्या बाजूला ती खंडित होते. शिवाय ३१ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात तिथला बराच तट आणि पूर्वेकडची घरे नष्ट झाली. पुढे जगभरच्या देणगीदारांच्या मदतीने तट पुन्हा उभारला गेला, आणि त्यांच्या नावांचे दगड आज भिंतीत वाचता येतात. मला त्या दगडांपाशी नेहमीच थांबावेसे वाटते, कारण जुने गाव टिकते ते कोणीतरी ते टिकवल्यामुळे, हे तिथे प्रत्यक्ष दिसते.

कलेची ओढ असेल तर रोटेनबुर्गला पर्याय नाही. सेंट याकोब चर्चमध्ये टिलमान रीमेनश्नायडरने १५०० नंतरच्या काही वर्षांत लाकडात कोरलेली वेदी आहे. तिच्यातील येशूच्या अखेरच्या भोजनाच्या दृश्यात त्याचा विश्वासघात करणारा यहूदा अगदी मध्यभागी येतो आणि रंग न दिलेल्या लाकडावर खिडकीतला उजेड सरकेल तसे चेहऱ्यांचे भाव बदलतात. त्यासाठी तिकीट काढावे लागते, पण ते जरूर काढावे. प्लोनलाइनच्या चौकात मात्र दुपारी छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी दाटी असते की उभे राहणेही अवघड होते.

न्योर्डलिंगेनचे आकर्षण जमिनीखालून सुरू होते. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून झालेल्या रीस विवरात हे गाव वसले आहे. विवराचे हे मूळ १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूशास्त्रज्ञांनी सिद्ध केले, आणि १९७० मध्ये अपोलो १४ या चांद्रमोहिमेचे अंतराळवीर इथे खडकांचा अभ्यास करायला आले होते. सेंट गेऑर्ग चर्च ज्या सुएव्हाइट दगडात बांधले आहे, तो त्याच आघातातून तयार झालेला असून त्यात सूक्ष्म हिरे सापडतात. चर्चचा ९० मीटरचा 'डॅनियल' मनोरा साडेतीनशे पायऱ्यांचा आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तो सोडून एगर नदीकाठी कातडी कमावणाऱ्यांच्या जुन्या वस्तीत फिरावे.

सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचे असेल, तर मी न्योर्डलिंगेनच सुचवेन. डोनाउव्योर्थला गाडी बदलून तिथे पोहोचता येते आणि दिवसभरात गाव खरोखर पाहून होते. रोटेनबुर्गला जायचे तर (त्यासाठी श्टाइनाखला गाडी बदलावी लागते) मुक्कामानेच जावे, कारण सहलींच्या बस परतल्यानंतर आणि सकाळी त्या येण्यापूर्वी तिथल्या गल्ल्या मोकळ्या मिळतात.