कोलाडचं राफ्टिंग: पॅकेजची बस, स्वतःची गाडी की आदल्या रात्रीचा मुक्काम?

पुण्याहून कोलाडला राफ्टिंगला जायचं म्हटलं की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, 'पर हेड किती?' दुसरा येतो, 'मला पोहता येत नाही, चालेल का?' खरं तर आधी विचारायला हवं ते कुणीच विचारत नाही: पहाटे चारला कोण कोण उठणार? कोलाडजवळच्या कुंडलिका नदीवरचं राफ्टिंग सकाळीच होतं. दुपारी पोचून 'आम्हाला आता सोडा' म्हणायची तिथे सोय नाही. बसने जावं, गाडी काढावी की आदल्या रात्रीच जाऊन राहावं, हे शेवटी त्या पहाटेवरच ठरतं.

सकाळीच का, ते समजून घ्यायचं तर ताम्हिणी घाटाकडे जाताना रस्त्यालगत दिसत राहणारा मुळशीचा जलाशय आठवा. ते पाणी मुळा नदीचं. आपल्या वाटेने गेलं असतं तर पुण्यात संगमावर मुठेला मिळून, भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात पोचलं असतं. टाटांनी धरण बांधलं आणि पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरवलं. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह केला, ते हेच. भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. तिथून बाहेर पडलेलं पाणी खाली रवाळजेजवळ अडवून त्यावर पुन्हा वीज काढतात आणि मग ते कुंडलिकेत सोडतात. पुढे कोलाड, रोहा आणि शेवटी रेवदंड्याला अरबी समुद्र. म्हणजे आपण घाटावरून उतरतो, पाणी डोंगराच्या पोटातून उतरतं आणि खाली गाठ पडते.

याचे दोन परिणाम. चांगला हा, की मार्च-एप्रिलमध्ये आजूबाजूच्या नद्यांत डबकी उरतात तेव्हाही कुंडलिका खळाळत असते. दुसरा हा, की पाणी विजेच्या वेळापत्रकाने सुटतं, तुमच्या-आमच्या सोयीने नाही. ते सकाळी सुटतं, त्यावर राफ्ट सोडतात आणि पाणी उतरायच्या आत तुम्हाला खालच्या टोकाला पोचवतात. साधारण १२ किलोमीटर, दीड-दोन तास.

आता पर्याय.

पॅकेजची बस. एकटे असाल, दोघेच असाल किंवा घाटात गाडी चालवायची हौस नसेल, तर ही ठीक. कोथरूड डेपो, वाकड, कधी स्वारगेट असे थांबे घेत पहाटे निघते. आत गाणी, अंताक्षरी, पौडच्या पुढे कुणाला तरी मळमळतं. तिकिटात राफ्टिंग, नाश्ता, जेवण धरलेलं असतं. पण 'असतं' हा शब्द लेखी घ्या. जाहिरातीतल्या आकड्यात बसभाडं नसतं आणि चेंजिंग रूमचे पैसे वेगळे, असे प्रकार मी पाहिलेत. माझी खरी तक्रार वेगळी आहे. एकदा आमची बस वाकडला चौघांसाठी चाळीस मिनिटं थांबली. ते चौघे आले ते हातात कॉफी घेऊन. आम्ही नदीवर पोचलो तेव्हा आधीचे राफ्ट निघून गेले होते. आम्हाला शेवटच्या तुकडीत बसवलं आणि खालच्या टप्प्यात गाइड 'पॅडल, पॅडल' ओरडत होता, कारण पाणी उतरायला लागलं होतं. राफ्ट दगडावर टेकला तर उड्या मारून सोडवायचा. मजा आली, नाही असं नाही, पण मी ज्यासाठी पैसे भरले ती ही मजा नव्हती. तेव्हा बसने जायचं तर शेवटचा थांबा कुठला आणि तिथून निघायची वेळ काय, हे विचारा. साडेपाचनंतर पुणं सोडणारी बस मी घेणार नाही.

स्वतःची गाडी. चौघं असाल तर हिशेब सरळ आहे. कोथरूडहून सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दोनशे. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर पेट्रोल दीड हजारापर्यंत, माणशी चारशेच्या आत. रस्ता पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे. विळ्याहून माणगावकडे न जाता सुतारवाडीच्या बाजूला वळायचं. राफ्टिंग चालवणाऱ्यांचे बरेचसे तळ कोलाड गावाच्या अलीकडे, याच रस्त्याच्या आसपास आहेत. मुंबईकराला गोवा महामार्गाचे खड्डे मोजत कोलाडला यावं लागतं, आपण मागच्या दाराने येतो. (पुणेकर म्हणून हे लिहिताना बरं वाटतंय, कबूल करतो.) घाटात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा ज्याच्याकडे बुकिंग आहे त्याचा नंबर आणि जागेचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. टाकी पौडच्या अलीकडे भरा. पहाटे चार-साडेचारला निघालात तर सात-साडेसातला तिथे, पोहे खाऊन आठला तयार.

मात्र गाडी कोण चालवणार, हा प्रश्न येतानाचा आहे, जातानाचा नाही. तीनला उठलेला माणूस, दोन तास वल्हं मारून खांदे भरून आलेले, वर तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, सोलकढी. त्यानंतर ताम्हिणीची वळणं. आमच्यातल्या एकाचा डोळा मुळशीच्या कडेला असा लागला की मागून सगळे एकदम ओरडलो. तेव्हापासून आमचा नियम आहे: दोन चालक असतील तरच गाडी. एकच असेल तर तो जेवल्यावर तासभर आडवा होणार आणि बाकीचे त्याची झोप राखणार.

आदल्या रात्रीचा मुक्काम. खर्च उघडच वाढतो. पण चौदा-पंधरा वर्षांची मुलं बरोबर असतील, किंवा आई-बाबा नुसते बघायला येणार असतील, तर मी डोळे झाकून हाच सांगेन. नदीकाठी तंबू आहेत, साध्या खोल्या आहेत, गावात घरगुती राहण्याची सोयही मिळते. शनिवारी दुपारी पुण्यातून निघायचं, उजेडात घाट उतरायचा, रविवारी सहाला उठून पहिल्या तुकडीत बसायचं. पहिली तुकडी म्हणजे भरलेली नदी आणि कोरडी लाइफ जॅकेटं. आदल्याने घामेजवलेलं ओलं जॅकेट अंगात चढवण्यासारखी किळस दुसरी नाही. तंबूतल्यांसाठी एकच सावधगिरी: शनिवारी रात्री शेजारच्या ग्रुपचा स्पीकर किती वाजेपर्यंत चालणार, हे बुक करतानाच विचारा. ज्याने हसून 'एंजॉय करायलाच येतात ना सर' म्हटलं, तिथे आम्ही गेलो नाही.

कधी जावं, यावर घरात सगळ्यात जास्त वाद होतो. बहुतेकांना पावसाळाच हवा असतो. सोडलेल्या पाण्यात पावसाचं पाणी मिसळतं, नदी तांबूस होते, लाटा उंच होतात. रॅपिडची, म्हणजे दगडांवरून खळाळत धावणाऱ्या पाण्याच्या टप्प्यांची, प्रतवारी जगभर १ ते ६ अशी करतात. एरवी २-३ मध्ये असलेली कुंडलिका जुलैमध्ये वरच्या पायरीकडे सरकते. गंमत अशी की पाणी फार वाढलं तर काही रॅपिड दगडांसकट बुडतात आणि तिथून राफ्ट नुसता वेगाने सरकत जातो. याहून वाढलं तर राफ्टिंग बंदच ठेवतात आणि ठेवायलाच हवं. दुसरी अडचण नदीची नाहीच, रस्त्याची आहे. ताम्हिणीचा पाऊस साधा नव्हे. जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. दरड आली की घाट बंद, मग लोणावळा, खोपोली, पाली असा वळसा. तीस-चाळीस किलोमीटर आणि दीड तास जास्त. पहाटेच्या अंधारात, धुक्यात, मुसळधार पावसात घाट उतरून साडेसातला पोचायचंय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि मग जुलैचं बुकिंग करा. जायचंच असेल तर मुक्काम करून जा, आणि पैसे परत मिळण्याच्या अटी वाचून भरा.

मला स्वतःला ऑक्टोबरची अखेर ते फेब्रुवारी आवडतं. पाणी हिरवट, निवळशंख. पुढचा दगड दिसतो, गाइड तो कसा चुकवतो हे दिसतं, त्यामुळे राफ्टिंग नुसतं भिजणं न राहता काहीतरी कळल्यासारखं होतं. सकाळी पाण्यावर धूर असतो. पहिली लाट अंगावर आली की अंगात कापरं भरतं, पण दहा मिनिटांत वल्हं मारून गरम व्हायला होतं. एप्रिल-मेमध्ये पाणी तेवढंच, गर्दी कमी. फक्त बाहेर आल्यावर कोकणाचा उकाडा असा चिकटतो की परत नदीत जावंसं वाटतं. मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर जाणाऱ्यांना दुसरा इलाज नाही, त्यांनी खुशाल जावं.

'मग ऋषिकेशच का नको?' असं विचारणारा एक जण प्रत्येक ग्रुपात असतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. गंगेवर शिवपुरीहून १६ किलोमीटरचा टप्पा आहे, वर कौडियालाहून निघालात तर छत्तीसच्या आसपास. रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स अशा नावांचे रॅपिड आहेत आणि वरच्या टप्प्यातला 'द वॉल' तर चौथ्या प्रतीचा. कुंडलिकेत तशी ताकद नाही. पण त्यासाठी पुण्याहून तीन-चार दिवस आणि प्रवासाचा खर्च. शिवाय ऋतू उलटे आहेत: जुलै-ऑगस्टमध्ये गंगेवरचं राफ्टिंग बंद असतं, सप्टेंबरच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू होतं. म्हणजे आपल्याकडे पावसाळ्याची झुंबड उडते तेव्हा तिकडे कुलूप. दांडेलीला काळी नदीवर सुपा धरणाचं पाणी सोडतात, जंगल अप्रतिम आहे, पण पुण्याहून ४०० किलोमीटरच्या वर जायचं. जंगलासाठी जा, राफ्टिंग वाटेत करून घ्या. पहिल्यांदा राफ्टमध्ये बसणाऱ्याने मात्र कोलाडच करावं. आपल्याला हे झेपतं का, आवडतं का, हे एका रविवारी कळतं. नाही आवडलं तर विमानाचे पैसे वाचले.

कोणाबरोबर जायचं, हे दरावरून ठरवू नका. राज्य सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानुसार अशा उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते; नोंदणी क्रमांक मागा. राफ्टबरोबर सुटका करणारी कयाक (एकट्याने वल्हवायची छोटी होडी) असते का, एका राफ्टमध्ये किती जण बसवता, सूचना पाण्यात उतरण्याआधी देता की राफ्ट हलल्यावर, हे फोनवरच विचारा. उत्तर देताना समोरचा किती कंटाळतो, यावरून बरंच कळतं. हेल्मेट डोक्यावर घट्ट बसायला हवं. जॅकेटचे खांदे दुसऱ्याला वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे.

पोहता येत नसेल तर चालतं. जॅकेट तरंगवतं. पडलात तर पाठीवर व्हायचं, पाय पुढे, बोटं पाण्यावर, आणि काही झालं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. दगडांच्या फटीत पाय अडकणं हा खरा धोका आहे. वल्ह्याच्या टोकाची मूठ एका हाताने कायम धरून ठेवा. आमच्यात आजवर एकदाच रक्त आलं, तेही दगडाने नाही; पुढच्याच्या सुटलेल्या मुठीने मागच्याचा ओठ फुटला. चष्म्याला दोरी, पायात मागे पट्टा असलेले सँडल, मोबाइल गाडीत. हृदयविकार, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, खांदा निखळण्याची सवय, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर काठावर बसा, भाकरी तुम्हालाही मिळते.

आणि परतीचं. दोनच्या आत निघालात तर उजेडात घाट चढून साडेपाचपर्यंत घरी. 'थोडं पडू, चहा घेऊन निघू' म्हणत चार वाजवलेत तर रविवारी संध्याकाळी मुळशीला आलेलं सगळं पुणं तुमच्या पुढे असेल आणि पिरंगुट ते भूगाव या टप्प्यात तेवढाच वेळ जाईल, जेवढा नदीत गेला होता.