पॉपकॉर्न की बॉबल?
क्रोशाच्या तोरणाला उठावदार टाका हवा होता. नवी पेठेतून सुती दोरा आणला आणि हे दोन्ही टाके करून पाहिले.

बॉबलमध्ये एकाच टाक्यात 5 अर्धवट खांब (दोऱ्याचा वेढा घेऊन विणलेले उंच टाके, पण प्रत्येकाचा शेवटचा फास सुईवरच ठेवायचा) घालायचे. सुईवर 6 फास जमले की दोरा एकदम सगळ्यांतून ओढायचा. इथेच माझी सुई अडकते, सोलापूरच्या उन्हाळ्यात घामट बोटांनी तर फारच. शिवाय फुगवटा मागच्या बाजूला येतो, म्हणून तो उलट्या ओळीत, म्हणजे विणकामाची मागची बाजू समोर असताना विणायचा.

पॉपकॉर्नला 5 खांब पूर्ण करायचे, सुई काढून पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची, सुटलेला फास त्यातून ओढायचा. दर वेळी सुई काढायचा कंटाळा येतो खरा, पण दाणा कसा टपोरा, शेंगदाण्यासारखा! तोरणाला पॉपकॉर्नच. बाळाच्या टोपीला मात्र मऊ बॉबल.