खोल्यांचे आकडे, चिनीमातीवर

पणजीत फोंताइन्हास या जुन्या वस्तीच्या बाजूला आझुलेजूच्या, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या फरश्यांच्या, दुकानात खोल्यांच्या क्रमांकाच्या फरश्या हाताने रंगवून मिळतात. प्रत्येक अंकाची वेगळी फरशी, दोन्ही टोकांना निळी किनार. रंग भट्टीत भाजून झिलईत मुरलेला असल्यामुळे नखाने खरवडला तरी उकलत नाही.

होमस्टेवाल्यांची ऑर्डर घेताना दुकानदार आधी विचारतो, पाहुणे कुठले? ब्रिटिश असले तर १३ गाळून ‘१२ अ’. इटालियनांना १७ नको: रोमन आकड्यातली अक्षरं फिरवली की लॅटिनमध्ये ‘विक्सी’ होतं, म्हणजे ‘मी जगलो’, थोडक्यात संपलो. चिनी आणि जपानी भाषांत ४ चा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो. ८ मात्र चिन्यांचा लाडका, कारण ‘बा’ हा ‘फा’च्या, म्हणजे भरभराटीच्या, जवळ जातो. आपल्याकडे तीन तिगाडा, पण आहेराला ५१, १०१. सगळ्यांचं ऐकलं तर खोल्या उरायच्या नाहीत! १३ वगळणं पुरे.

घराचा क्रमांक मात्र पंचायत किंवा पालिका देते. तिथे आवडता आकडा लावला तर टपाल शेजारी.

उणीव एकच: इंग्रजी आकड्यांत ६ आणि ९ ची फरशी सारखीच, मागे खूण नाही. गवंडी उलटी बसवतो. घेतानाच मागे पेन्सिलीने बाण काढून घ्या. चिऱ्याच्या भिंतीवर आधी गिलावा हवा, फरशीच्या मागे सिमेंट सगळीकडे भरा. चार कोपऱ्यांवर नुसते गोळे ठेवले तर पोकळीत पावसाचं पाणी साठतं आणि फरशी सुटते.