सिगारेट सोडवायला कोणती टेस्ट: जनुकांची की फुप्फुसाची?

घरातल्या कुणाची सिगारेट किंवा विडी सुटावी, त्यासाठी एखादा रिपोर्ट समोर ठेवून बघावा, असं मनात असेल तर दोन वाटा आहेत. लाळेचा नमुना पाठवून जनुकीय चाचणी करायची, किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्पायरोमेट्री करायची, म्हणजे नळीत पूर्ण जोर लावून फुंकायचं. दुसरी बरीच स्वस्त पडते.

जनुकीय चाचणीमागचं विज्ञान खरं आहे. २००८ साली पंधराव्या गुणसूत्रावर निकोटिनच्या रिसेप्टरची (पेशीवर निकोटिन जिथे चिकटतं त्या जागेची) जनुकं असलेला भाग चर्चेत आला. तिथल्या सीएचआरएनए५ जनुकातला एक बदल वारशात मिळाला असेल, तर माणूस दिवसाला साधारण एखादी सिगारेट जास्त ओढतो, आणि ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही काहीसा वाढतो. पण हे कळल्यावर तो सोडतो का? २०१६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. जनुकीय धोका सांगितल्याने माणसांचं वागणं बदलतं, याला त्यात आधार मिळाला नाही. धूम्रपान सोडणंही त्यात आलं.

मला नवल वाटलं नाही. ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विड्या ओढत होते’ हे वाक्य प्रत्येक घरात तयार असतं. तीसुद्धा जनुकीय चाचणीच, फक्त फुकटातली. रिपोर्टात धोका कमी आला की आजोबांच्या त्या वाक्यावर शिक्कामोर्तब झालं, जास्त आला की ‘नशिबातच आहे’. (ही माझी भीती. त्या आढाव्यात असं नुकसानही ठळक दिसलं नाही.)

आता स्पायरोमेट्री. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली यावरून ‘फुप्फुसाचं वय’ काढता येतं: तुम्ही पंचेचाळीसचे, फुप्फुस साठीचं. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरच्या पाच दवाखान्यांत पस्तिशीपुढच्या ५६१ धूम्रपान करणाऱ्यांवर हे करून बघितलं. फुंकायला सगळ्यांनाच लावलं. पण निम्म्यांना फुप्फुसाचं वय समजावून सांगितलं, बाकीच्यांना नुसता आकडा दिला. वर्षाने सोडलेले किती? १३.६ टक्के विरुद्ध ६.४. तोंडी कबुलीवर विसंबले नाहीत, लाळ तपासली. ज्यांचं फुप्फुस वयाला साजेसं निघालं, त्यांनीही खराब फुप्फुसवाल्यांइतकंच सोडलं. म्हणजे चांगला रिपोर्ट आला तर गडी निर्धास्त होईल, ही धास्ती तिथे तरी खोटी ठरली. पुढच्या सगळ्या अभ्यासांत इतका फरक दिसला नाही, हे खरं. पण फुप्फुसाचं वय कळलेल्या शंभरातले साधारण ८६ जण इथेही ओढतच राहिले, हेही विसरू नका.

फुंकण्याच्या चाचणीचा आणखी एक फायदा: डॉक्टर समोर असतो. गेलेली क्षमता पूर्ण परत येत नाही, पण सोडल्यावर घसरण मंदावते, हे तो त्याच आलेखावर बोट ठेवून सांगू शकतो. जनुकं मात्र सिगारेट सोडली तरी तीच राहतात.

जनुकांचा उपयोग मला दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी, सिगारेट सोडवणारं औषध निवडताना. यकृतातलं सीवायपी२ए६ हे एन्झाइम निकोटिन किती वेगाने मोडतं, ते माणसागणिक बदलतं. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत ज्यांचा हा वेग नेहमीसारखा होता, त्यांना निकोटिनच्या पॅचपेक्षा व्हॅरेनिक्लिनच्या गोळीने जास्त फायदा झाला; मंद वेगवाल्यांना दोन्हींत फरक पडला नाही, उलट गोळीचा त्रास जास्त झाला. गंमत म्हणजे, तिथेही जनुक वाचलं नव्हतं. निकोटिन मोडून रक्तात तयार होणाऱ्या पदार्थांचं प्रमाण मोजलं होतं.

म्हणून हातात पैसे मोजकेच असतील तर मी स्पायरोमेट्री करून घेईन आणि उरलेले निकोटिन गमवर घालवीन. आपल्याकडे २ मिलिग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय मिळतं. व्हॅरेनिक्लिन मात्र डॉक्टरांना विचारूनच. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ ला पैसे पडत नाहीत. फोन मात्र ज्याला सोडायची आहे त्यानेच लावावा. बायकोने त्याच्या वतीने लावून उपयोग नाही.