दोन जीटीएक्स १०७० की एक आरटीएक्स ४०७०? सांगलीत दोन्ही वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, कारण बरेच जण तेवढ्यासाठीच आलेले असतात. गेमिंगसाठी एकच ग्राफिक्स कार्ड (पीसीत गेमचं चित्र काढणारं, म्हणजेच जीपीयू) घ्या, आणि खिशाला झेपेल त्यातलं सगळ्यात दांडगं घ्या. दुसऱ्या कार्डाचे पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणारा डबा) नाहीतर मॉनिटरमध्ये घाला.

माझ्याकडे आधी एक जीटीएक्स १०७० होतं, एनव्हिडिया कंपनीचं जुनं ८ जीबी मेमरीचं कार्ड. पुण्याच्या मामेभावानं त्याचं तसलंच कार्ड विकायला काढलं आणि घरचा भाव लावला, एसएलआयचा (दोन कार्डं एकाच गेमला जुंपायची एनव्हिडियाची सोय) जोडपट्टीसारखा ब्रिजही सोबत दिला. मदरबोर्ड झेड ३७०चा, दोन्ही स्लॉट आठ-आठ लेनवर (माहिती ये-जा करायच्या वाटा) चालवणारा; एसएमपीएस ७५० वॉटचा. म्हटलं, बसवून बघू. जीटीए फाइव्ह आणि विचर थ्रीला १४४०पी रिझोल्यूशनवर फरक डोळ्यांना दिसला, खोटं कशाला बोलू. काचेच्या कॅबिनेटमध्ये दोन कार्डं एकाखाली एक बसलेली दिसायचीही झकास.

मग सायबरपंक २०७७ लावला. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डावर किती भार आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) वरच्या कार्डाचा आलेख शंभराला टेकलेला आणि खालच्याचा तळाला चिकटलेला. हा बिघाड नव्हे, गेममध्ये दोन कार्डांची सोयच नाही. जुन्या गेमना एनव्हिडिया स्वतः ड्रायव्हरमध्ये एसएलआय प्रोफाइल, म्हणजे त्या गेमपुरत्या तयार सेटिंग, घालून द्यायची. १ जानेवारी २०२१पासून नवी प्रोफाइल्स बंद झाली. आता डीएक्स १२ किंवा वल्कनमध्ये (गेम आणि कार्ड यांना जोडणारी सॉफ्टवेअर) गेम बनवणाऱ्यानंच दोन कार्डांचं काम स्वतः लिहायचं. रेड डेड रिडेम्प्शन २मध्ये ते आहे, पण असे गेम बोटांवर मोजण्याइतके. मूठभर लोकांसाठी एवढी मेहनत कोण घेणार?

शिवाय अडचण तंत्रातच आहे. एसएलआयमध्ये एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) हे कार्ड काढतं, पुढची ते. आजकालचे गेम मात्र मागच्या फ्रेमची माहिती घेऊन पुढची फ्रेम घासूनपुसून काढतात, आणि ती मागची फ्रेम असते दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत. ती इकडून तिकडे नेण्यातच वेळ जातो. मेमरीचंही तेच. आठ आणि आठ जीबी मिळून सोळा होत नाहीत, कारण तेच टेक्स्चर दोन्हीकडे भरावं लागतं. वापरायला मिळतात आठच.

सगळ्यात जास्त वैताग दिला तो मायक्रोस्टटरनं, म्हणजे चित्राच्या बारीक अडखळण्यानं. ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम यायला हवी. दोन कार्डांत एक फ्रेम ८ मिलिसेकंदांनी येते, पुढची त्यानंतर २५नी. सरासरी तीच, कोपऱ्यातला आकडाही ६०च, पण गाडी वळवताना चित्र अडखळत जातं. यूट्यूबवरच्या बेंचमार्कमध्ये नुसता सरासरी एफपीएस बघून भुलू नका, फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख बघा.

आता सांगलीचं. एप्रिल-मेमध्ये विश्रामबागेतल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी माणूस बसू शकत नाही, तिथं ही दोन कार्डं प्रत्येकी १५० वॉट ओकणार. खालच्याची गरम हवा वरचं कार्ड ओढून घ्यायचं, ८३ अंशांवर जाऊन बसायचं आणि आपला वेग (क्लॉक) खाली आणायचं. म्हणजे दुसरं कार्ड लावून पहिलं हळू केलं! त्यात वळीव. पहिला गडगडाट झाला की लाईट जाणार हे ठरलेलं, आणि घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस झेपवतो ३६० वॉट. दोन कार्डं, प्रोसेसर, मॉनिटर असा सगळा भार एकदम आला की तो एक लांब किंकाळी फोडून पीसीसकट बंद. सेव्ह गेलाच.

गेल्या दिवाळीच्या आधी दोन्ही काढून आरटीएक्स ४०७० बसवलं. १२ जीबी, २०० वॉट. जो गेम लावीन तो पूर्ण कार्ड वापरतो, यातच निम्मं समाधान. डीएलएसएस (लहान चित्र काढून एआयनं मोठं करायची सोय) आहे, जे १०७०वर नव्हतंच. फ्रेम जनरेशनचं (मधल्या फ्रेम एआयनं बनवून घालण्याचं) कौतुक मात्र बेतानं करा; मुळात ३०-३५ एफपीएस मिळत असतील तर आकडा फुगतो, पण माऊस जड लागतो. मे महिन्यात कार्ड सत्तरीच्या आतबाहेर राहिलं, आणि लाईट गेल्यावर तोच यूपीएस गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्याइतका टिकतो.

दोन कार्डांची बाजू घ्यायची तर ती कामाच्या ठिकाणी. मी इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यू काढून देतो, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररमध्ये. तिथं ब्रिज नको, प्रोफाइल नको; सेटिंगमध्ये दोन्ही कार्डांवर टिक करायची, रेंडर जवळजवळ निम्म्या वेळात. त्या जोडीनं मला कमवून दिलंय. फक्त अख्खा सीन प्रत्येक कार्डाच्या ८ जीबीत मावला पाहिजे. व्हिडिओवाल्यांनी मात्र एक बघून घ्यावं: डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती एकच जीपीयू वापरते. आणि खरं सांगायचं तर ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स (एनव्हिडियाची रेंडर वेगानं काढायची सोय) चालू केल्यावर एकट्या ४०७०नं त्या जोडीला रेंडरमध्येही मागे टाकलं; रे ट्रेसिंगचे (प्रकाशाची वाट मोजायचे) वेगळे कोअर १०७०ला कुठले?

घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथं मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात, म्हणून १२ जीबीची दोन आरटीएक्स ३०६० घेणारा शहाणाच. अशी जोडी लावणार असाल तर दोन कार्डांत निदान एका स्लॉटची मोकळी जागा राहील असा बोर्ड बघा, आणि दुसरा स्लॉट किती लेनचा आहे ते दुकानदाराला विचारण्यापेक्षा बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये वाचा. स्वस्त बी सिरीजच्या बोर्डांवर तो दिसायला लांब असतो, चालतो मात्र बहुतेकदा चारच लेनवर.