गोल्फ क्लबवरचं चालणं की घरातली योगासनं?

"योगासनं करतो, मग चालायची काय गरज?" नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर हे बरेचदा कानावर पडतं. मला ते अजिबात पटत नाही. हृदयासाठी भरभर चालणंच सरस. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. संथ आसनांनी तेवढी धाप लागत नाही.

तोल आणि लवचिकतेत मात्र योग पुढे, जुनाट कंबरदुखीतही त्याचा उपयोग होतो. ताडासनात टाचा उचला, हात वर ताणा आणि पाच श्वास थांबा. घोटे थरथरतात ना? तोच तोल सावरायचा सराव, साठीनंतर फार मोलाचा.

अंग ताठर असलं तर योग जमत नाही, हा निव्वळ गैरसमज. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे बसून पाय पसरून पुढे वाकताना, गुडघे थोडे वाकवले तरी चालतं. शीर्षासन सगळ्यांनी करावं, हा समज तर घातकच: त्याने डोळ्यांतला दाब वाढतो, काचबिंदू असलेल्यांनी ते टाळावं. आणि मधुमेहाच्या गोळ्या, चाला किंवा आसनं करा, मनाने बंद करू नका.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला मी आधी चालणं सांगेन. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनपुढे उभं राहून कंबर धरलेल्याला आधी आसनं, तीही जाणत्या शिक्षकाकडून.